मास्तरांना विचारलं होतं

६ जुलै

दादा,

आईकडून तुझा निरोप पोचला. "समितीपुढे विचारतील तेवढंच सांग. नक्की आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हण, त्यात खोटं काही नाही." निरोप देताना आई माझ्याकडे बघत नव्हती. भांडी विसळत होती, आणि ती भांडी मी आधीच घासून ठेवलेली होती. शिवाय आईच्या बोलण्यात "नक्की" कधी येत नाही, ती "बरोब्बर" म्हणते. वाक्य तुझंच. तिनं ते न सांडता आणून पोचवलं, इतकंच.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडला आहेस असंही ती म्हणाली. फोनवर तू बोलतोस आणि मी "हं" म्हणते, ही लहानपणापासूनची सवय आहे. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

"आठवत नाही" हे मला शिकवू नकोस. कामगार कोर्टात अर्धं आयुष्य मी लोकांच्या साक्षी लघुलिपीत टिपत आले. मालक, मुकादम, युनियनचे पुढारी, सगळ्यांच्या तोंडी ते इतकं येतं की मी त्यासाठी एकच खूण ठरवून टाकली आहे. ज्याला खरंच आठवत नाही तो आधी वर बघतो, छताकडे, मग कपाळ चोळतो. घरून ठरवून आलेला माणूस सरळ समोर बघून म्हणतो. मलाही जमेल ते. इतक्यांचं बघून ठेवलं आहे.

चौकशी समितीनं तुझ्या निवेदनाची प्रत मला पाठवली. "भूल देण्यापूर्वी नातेवाइकांना रीतसर विचारणा केली. कुटुंबात कुणाला भुलीचा त्रास झाल्याचे मुलीच्या वडिलांनी सांगितले नाही."

मुलीच्या. तूच माझ्या लेकीला टिटवी म्हणायला लागलास, झोपेतही बडबडते म्हणून. आठ वर्षं दुसरं नाव तुझ्या तोंडी आलं नाही. टॉन्सिल काढायला तुझ्याच हाताखाली आणली, कारण भूल द्यायला घरातला माणूस असल्यावर दुसऱ्याकडे कशाला जायचं. आणि ती गेल्यावर कागदावर ती "मुलगी" झाली.

पण आज मला भांडायचं आहे ते पुढच्या शब्दाशी. वडिलांनी. दादा, तू टिटवीच्या बाबाला कधी विचारलंस?

त्या सकाळी बाहेर बाकड्यावर बाकीची मुलं आणि त्यांचे आईबाप बसले होते. आम्ही त्यांच्यासमोरून थेट तुझ्या खोलीत आलो. मला ते आवडलं होतं, हेही लिहिते. सिस्टर प्रश्नांचा कागद घेऊन आली तर तू हसून म्हणालास, "अगं, ही आमचीच. हिची नाळ कापली तेव्हा मी दाराशी उभा होतो. मला विचार, मी सांगतो." आणि तूच सांगत गेलास. दमा नाही. कशाची अ‍ॅलर्जी नाही. घरात कुणाला काही नाही. सिस्टर खुणा करत गेली. मी आणि टिटवीचा बाबा चहा पीत होतो.

आता सिस्टरला आठवत नाही म्हणे. तिला तिथंच नोकरी करायची आहे, तिला मी काही म्हणत नाही.

तुझं उत्तर येऊ दे.

तुझी बहीण


१५ जुलै

दादा,

उत्तर नाही. बरं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी आम्हा दोघांना बोलावून आजार समजावून सांगितला. स्वतःही भूलतज्ज्ञ आहेत, वयस्क, सावकाश बोलतात. काही घराण्यांत स्नायूंमध्ये एक दोष असतो, एरवी आयुष्यभर कळत नाही. मूल धावतं, खेळतं, पडतं. पण भुलीचे ठरावीक वायू हुंगले की स्नायू पेटतात. जबडा घट्ट मिटतो, अंग लाकूड होतं, नाडी पळत सुटते, ताप चढतच जातो. त्यावर उतारा आहे, पण तुमच्या हॉस्पिटलात तो ठेवलेला नव्हता. दुसरीकडून येईपर्यंत उशीर झाला. मी विचारलं, "आधी कळलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "तर वायू दिला नसता. शिरेतून दुसरी औषधं देऊन भूल देता येते. म्हणून तर आम्ही विचारतो."

म्हणून तर आम्ही विचारतो. घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं.

तू हे जेवताना किती वेळा सांगितलं आहेस! तुझ्या हाताखालचे शिकाऊ डॉक्टर तुझी नक्कल करतात, हेही तूच सांगितलंस. "दोन्हीकडचे सांगा, आईकडचे आणि बापाकडचे. जिवंतही आणि मेलेलेही. मेलेल्यांचं बिनधास्त सांगा, ते भांडायला येत नाहीत." आणि मग त्या ड्रायव्हरच्या मुलाची गोष्ट. बाप नाही म्हणाला, आई नाही म्हणाली, पण तू कोपऱ्यातल्या आजीला पुन्हा विचारलंस, आणि तिला कुठलासा दीर आठवला, ऑपरेशनच्या टेबलावर गेलेला. तू वायू दिला नाहीस. पोरगं वाचलं. ही गोष्ट टिटवीला पाठ होती, मामा सांगायला लागला की ती आजीचा आवाज काढायची.

ड्रायव्हरच्या घरातले मेलेले तू शोधून काढलेस. आमचे तुला विचारावेसे वाटले नाहीत.

लोक भेटायला येत होते त्या दिवसांत सासूबाई काय बोलल्या, ते तू ऐकलंस. तू समोरच बसला होतास. "अगदी आमच्या वन्संसारखं झालं हो. झाडावरून पडल्या, हात मोडला. हाड बसवायला भूल दिली, तर टेबलावरच ताप चढला. अंग फळीसारखं. मामंजींना त्याबद्दल बोललेलं खपायचं नाही, म्हणून घरात 'तापानं गेली' एवढंच म्हणायचे." तू कप खाली ठेवलास आणि गॅलरीत गेलास. मला वाटलं, रडायला गेला. मी तुझ्यासाठी पाणी घेऊन आले तर तू जिना उतरून गेला होतास. त्यानंतर तू आमच्या घरी आला नाहीस.

म्हणजे टिटवीच्या बाबाची सख्खी आत्या. तो आत्याबद्दल ऐकतच मोठा झाला. तुला फक्त विचारायचं होतं.

आता दुसरी गोष्ट ऐक, ती जास्त वाईट आहे. तुझं निवेदन मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्यानं ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, "विचारलं असेल गं दादांनी. माझंच लक्ष नसेल." तुला तो माहीत आहे. बसमध्ये दुसऱ्यानं याच्या पायावर पाय दिला तर हा "सॉरी" म्हणतो. शाळेत मुलांनी रंगाचं पाणी सांडलं तर, "मीच बरणी कडेला ठेवली," म्हणून स्वतः पुसायला बसणारा ड्रॉइंग मास्तर. तू त्याच्यासमोर एक आरोप ठेवलास आणि तो बिचारा उचलून घरी घेऊन आला.

काल स्वयंपाकघरात मी त्याला म्हटलं, "तुला आठवतंय का, विचारल्याचं?" तो वर बघेल असं मला वाटलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "थोडं थोडं."

तुझी बहीण


२४ जुलै

दादा,

तुझ्या बाजूनं विचार करून पाहिला. कामाची सवयच आहे, दोन्ही बाजू टिपायच्या.

एक. मी टिटवीला बाथरूमला घेऊन गेले होते. तिला तुझ्या हॉस्पिटलातल्या हात वाळवण्याच्या यंत्राची मजा वाटत होती, ती पुन्हा पुन्हा हात ओले करत होती. तेवढा वेळ तू आणि तिचा बाबा दोघंच खोलीत होतात. तेव्हा तू विचारलं असशील. विचारलं नाहीस असं मी शपथेवर सांगू शकत नाही, मी तिथं नव्हते. हे मला स्वतःशी कबूल करायला दोन रात्री लागल्या.

दोन. विचारलं असतंस, पण त्यानंच सांगितलं नसतं तर? गोंधळून, भिडेनं, किंवा घरात सांगतात तशी आत्या "तापानं" गेली, भुलीनं नाही, असं समजून? आता त्याला विचारून उपयोग नाही. आता त्याला सगळं माहीत आहे, त्याच्या उत्तराला साक्ष म्हणून किंमत नाही.

म्हणून मी धाकट्या दिराला फोन केला. तो लांब राहतो, त्याला फक्त टिटवी ऑपरेशनमध्ये गेली एवढंच कळवलं होतं. आत्याशी जुळणारा धागा त्याला कुणी सांगितलेला नव्हता, हे मी आधी सासूबाईंकडून खात्री करून घेतलं. एका ठिकाणी माहिती द्यायची आहे अशी थाप मारली आणि तुझेच शब्द वापरले, एकही बदलला नाही.

"भाऊजी, तुमच्याकडचे सांगा. जिवंतही आणि मेलेलेही. भूल दिल्यावर, ऑपरेशनमध्ये कुणाला काही झालं होतं का?"

"नाही हो वहिनी. आमच्याकडे सगळे ठणठणीत, नव्वदी गाठल्याशिवाय कुणी हलत नाही." मग जरा थांबून, "मेलेले म्हणालात ना? मग एक आत्या होती. हात मोडला म्हणून नेली, तिथंच ताप चढून गेली. पण ते किती जुनं! का हो?"

मी म्हटलं, "सहज." फोन ठेवला.

आधी "नाही" आणि मग "मेलेले म्हणालात ना". तुझा प्रश्न चांगला आहे दादा. अगदी तू सांगतोस तसाच चालतो. त्याच घरात, त्याच बापाच्या हाताखाली वाढलेल्या भावाकडून त्यानं आत्या बाहेर काढली. तुझ्या पद्धतीनं विचारलं असतंस तर टिटवीच्या बाबानंही ती सांगितली असती, असं मी आता जवळजवळ खात्रीनं म्हणते. जवळजवळ.

तेव्हा तुला एकच विचारते. मी बाथरूममध्ये होते तेवढ्या वेळात तुम्ही दोघं काय बोललात? एक ओळ लिही. आईला मधे घालू नकोस.

तुझी बहीण


२ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर मिळालं. छापील अक्षरात, खाली हुद्दा.

"तू दुःखात आहेस हे मी समजू शकतो. मीही आहे. या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर मी प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना कुटुंबाचा इतिहास विचारतोच. तो माझा नियम आहे."

मी "काय बोललात" विचारलं होतं. तू नियम सांगितलास.

कोर्टात एक गोष्ट मी कुणी न शिकवता शिकले. ज्यानं गेट बंद केलेलं असतं तो म्हणतो, "मी गेट बंद केलं." ज्यानं केलेलं नसतं तो म्हणतो, "मी गेट नेहमी बंद करतो." तुझ्या पत्रात "विचारलं" हे क्रियापद कुठेही नाही. "विचारतोच" आहे. मी पत्र चारदा वाचलं, या आशेनं की माझीच नजर चुकली असेल.

पण पुन्हा, माझं हे शहाणपण साक्ष होत नाही. कुणी मला विचारलं की "तुमच्या भावानं विचारलं नाही हे कशावरून?" तर मी काय सांगू, क्रियापदावरून?

आई कालपासून इथंच आहे. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"तो झोपत नाही गं. गोळ्या घेऊन पडतो."

"त्याला सांग, भूल देणाऱ्याला झोप येत नाही हे बरं दिसत नाही."

"जीभ आवर. तुझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर त्यानं विचारलं नाही आई. परका असता तर विचारलं असतं."

"एक पोर गेली. आता पोरगाही घालवतेस माझा? त्याचा परवाना गेला तर तो काय करेल? त्याला दुसरं येतं काय? चहासुद्धा करता येत नाही त्याला."

"आणि हा?" मी आत बोट दाखवलं. टिटवीचा बाबा तिचे रंगखडू लांबीप्रमाणे लावत होता. रोज लावतो. "ह्याच्या डोक्यावर जे ठेवलंय त्याचं काय?"

आई म्हणाली, "जावई सोसणारे आहेत. आपला नाही सोसणारा."

हे ती मुद्दाम म्हणाली नाही. भोळेपणानं, खरं वाटलं ते बोलली. दादा, आपल्या घरात हे असंच चालत आलं आहे. जो सोसतो त्याच्याकडे सरकवायचं. माझ्याकडेही कितीदा सरकवलंत. आता तर मी तुम्हाला जावईच तसा आणून दिला.

साक्ष अकरा तारखेला आहे. अजून वेळ आहे. तू स्वतः सांग. "घरचीच पोर म्हणून विचारायचं राहिलं." एवढंच. कदाचित तुला काही वर्षं काम करू देणार नाहीत. तू जगशील. हा जगेल की नाही, याची मला खात्री नाही.

तुझी बहीण


१२ ऑगस्ट

दादा,

काल तू समोर बसला होतास, तरी लिहिते. तू तुझ्या बाजूनं बघितलंस, मी माझ्या बाजूनं.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीला पडदे. माझा हात सारखा पेन शोधत होता. पहिल्यांदाच मी अशा खोलीत टिपायला बसले नव्हते.

आधी टिटवीच्या बाबाला विचारलं. अध्यक्षबाई मऊ बोलल्या, "डॉक्टरांनी तुम्हाला कुटुंबाबद्दल काही विचारलं होतं का? घाई नाही, आठवून सांगा."

"हो. विचारलं होतं."

"काय शब्दांत?"

"म्हणाले, दोन्हीकडचे सांगा. जिवंतही आणि मेलेलेही. मेलेले भांडायला येत नाहीत, असं." तो जरा हसला. "मी नाही म्हटलं. आत्या माझ्या लक्षातच आली नाही. चूक माझी आहे."

तू खाली बघितलंस. दादा, त्या क्षणी तुला कळलं होतं की तो खोटं बोलत नाहीये आणि खरंही बोलत नाहीये. ते वाक्य त्यानं तुझ्या खोलीत नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं, तूच वाढून घेता घेता सांगितलेलं. त्याला आता ते त्या खोलीत ऐकल्याचं आठवतं. तुझा आवाजही आठवत असेल. तू मान वर करून "नाही" म्हणू शकला असतास. तू बाटलीचं झाकण फिरवत राहिलास.

मग मी. "तुमच्यासमोर विचारलं?"

"नाही. माझ्यासमोर सिस्टरच्या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांनी स्वतःच दिली."

"तुम्ही पूर्ण वेळ खोलीत होतात?"

"नाही. मुलीला बाथरूमला नेलं होतं."

"त्या वेळात विचारलं असणं शक्य आहे?"

हॉस्पिटलचा वकील लिहायचं थांबला. आई बाहेर बाकावर होती, काचेतून तिचं डोकं दिसत होतं. मला म्हणता आलं असतं, शक्य नाही. एक शब्द. कुणी माझी जीभ धरली नव्हती. मी म्हटलं, "मी तिथं नव्हते. मला माहीत नाही." दिराच्या फोनचं मी सांगितलं. वकील म्हणाला, "म्हणजे तुमच्या यजमानांनाही आठवायला हवं होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं." आणि खरंच, तेवढंच सिद्ध होत होतं.

माझ्या सगळ्या काटेकोरपणाचं हे फळ. तुला माझ्या खरेपणानं सोडवलं आणि त्याच्या खोट्या आठवणीनं. तुझा स्वतःचा एक शब्दही लागला नाही. बाहेर आल्यावर आईनं माझ्या गालावरून हात फिरवला, "शहाणी गं माझी बाय." मी तो हात झटकला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि वाटायला हवं असंही वाटत नाही.

तुझी बहीण


२७ ऑगस्ट

दादा,

निकाल वाचला. हॉस्पिटलला उताऱ्याचं औषध न ठेवल्याबद्दल ताकीद, तुझ्यावर ठपका नाही. तू सोमवारपासून कामावर रुजू झालास असं आईनं सांगितलं. चांगलं आहे. तुझी बदनामी व्हावी अशी माझी इच्छा होती का, हे मी स्वतःला रोज विचारते. काही दिवस उत्तर हो येतं.

आता इथलं ऐक. टिटवीच्या बाबाला कुणी काही विचारत नाही, तरी तो सांगतो. दूधवाल्याला सांगितलं. शाळेत शिपायाला सांगितलं. खालच्या मजल्यावरची बाई "कसे आहात मास्तर" म्हणाली, तर म्हणाला, "मला विचारलं होतं हो, मीच सांगितलं नाही." ती बाई घाईघाईनं वर आली, मला म्हणाली, "अहो, त्यांना सांभाळा."

दर वेळी गोष्ट थोडी वाढते. आता त्यात तू त्याच्या खांद्यावर हात ठेवतोस. आता त्यात तू दोनदा विचारतोस. परवा तो म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारताना दादांचा आवाज जरा चढला होता, तरी मला आत्या आठवली नाही." तू त्याच्या आठवणीत रोज जास्त चांगला डॉक्टर होत चालला आहेस.

मी त्याला सांगून पाहिलं. दिराचं सांगितलं, तुझं पत्र दाखवलं. तो म्हणतो, "तुला मला वाचवायचंय. मला कळतं ते." बायकोचं कोण ऐकतं! तुझं ऐकेल. तुझं त्यानं नेहमीच ऐकलं आहे.

समिती संपली. कुणी टिपणार नाही, मीही नाही. घरी ये आणि त्याला सांग की तू विचारलं नव्हतंस. लवकर ये. अजून थोडे दिवस गेले तर तू सांगूनही त्याचं हे पक्कं झालेलं असेल.

तुझी बहीण


३ सप्टेंबर

दादा,

तू आलास. येशील असं मला वाटलं नव्हतं, म्हणून दार उघडल्यावर मी "कोण हवंय" असं विचारलं. थट्टा नव्हती ती. तू खूप वाळला आहेस.

मी ऐकायला थांबले नाही असं तुला वाटलं असेल. मी दाराआड उभी होते.

"मास्तर, मला एक सांगायचंय. मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"असू दे हो दादा."

"असू दे नाही. विचारलंच नाही. तुम्ही शाळेच्या प्रदर्शनाचं सांगत होतात, आणि मी फोनवर मेसेज बघत होतो. तुमचंही धड ऐकत नव्हतो. घरचीच पोर, मला सगळं माहीतच आहे, असं वाटलं. नंतर घाबरलो, म्हणून तसं लिहिलं."

इतकं सरळ तू आयुष्यात बोलला नसशील. मी दाराची कड धरली होती. मला वाटलं, आता हा उठेल, काहीतरी फेकेल, निदान रडेल तरी.

त्यानं तुझ्या गुडघ्यावर थोपटलं. "दादा, तुम्ही मोठ्या मनाचे. हिनं बोलावलं ना तुम्हाला? माझ्यासाठी स्वतःवर घेताय. पण नका घेऊ. तुमच्या हातून अजून किती पोरांचं भलं व्हायचंय." आणि मला हाक मारली, "अगं, दादांना चहा टाक."

तू चहा प्यायलास. पूर्ण.

जिन्यात मला म्हणालास, "मी सांगितलं. आता त्याला पटत नाही, त्याला मी काय करणार?" तुझ्या आवाजात मला सुटका ऐकू आली. ती होती, की माझेच कान आता तसे झाले आहेत, ते मला सांगता येत नाही. तेव्हा मी काही बोलले नाही. आता लिहिते.

तू खरं सांगितलंस हे मी मानते. उशिरा सांगितलंस. आणि एकदा सांगून तुझं काम झालं नाही. त्याच्यावर तू जे ठेवलंस ते एका चहात उतरणारं नव्हतं. पुढच्या रविवारी ये. त्याच्या पुढच्या रविवारीही. तो "असू दे" म्हणेल, तू पुन्हा सांग. तो तुला देवमाणूस म्हणेल, ते ऐकून घे आणि पुन्हा सांग. प्रदर्शनाचं सांग, मेसेज कुणाचा होता ते सांग. फुलं, फळं काही आणू नकोस. आईला आणू नकोस.

एक दिवस त्याला पटेल. त्या दिवशी तो ओरडेल, कदाचित तुझ्या अंगावर येईल. मी मधे पडणार नाही. तो तुला दाराबाहेर काढेपर्यंत येत राहा, दादा. त्यानंतर येऊ नकोस.

तुझी बहीण